चिंचेच्या पानाचं माप

मला चित्रांतलं काही कळत नाही, हे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला नीट माहीत होतं. त्यानंतर मैसूरमध्ये आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक आर्ट गॅलरी निघाली आणि मी ते विसरलो.

गॅलरी म्हणजे जयलक्ष्मीपुरममधलं एक जुनं बैठं घर. मालकीणबाई साठीच्या, नोकरीतून मोकळ्या झालेल्या. त्यांनी हॉलच्या आणि दोन खोल्यांच्या भिंती पांढऱ्या करून घेतल्या, आणि स्वयंपाकघर तेवढं होतं तसं ठेवलं, कारण कॉफी लागते. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो या कॉफीसाठीच. सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत बातमी आली होती की तिथे चित्रं बघणाऱ्याला फिल्टर कॉफी फुकट मिळते. त्या वेळी एका तरुण चित्रकाराचं प्रदर्शन होतं. भलामोठा कॅनव्हास, सगळा राखाडी, आणि खालच्या कोपऱ्यात चिकटवलेला एक दोरा. मी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभा राहिलो, कारण कॉफी फार गरम होती. मालकीणबाई मागून आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यापर्यंत पोचलं वाटतं."

वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यापर्यंत काही पोचलं असं मला कोणी म्हणालं नव्हतं. त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

सहा महिन्यांत माझ्या बोलण्यात अवकाश, ताण आणि पोत हे शब्द आले. एकदा रात्रीच्या जेवणात मी भाकरीच्या पोताबद्दल काही बोललो. बायको म्हणाली, "पोत राहू दे, भाकरी गार होतेय." अशा घरात कला कशी रुजणार, असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात या असल्या वाटण्यातूनच झाली.

माझं मूळ दुखणं मात्र जुनं आहे. कंपनीत माझं काम नव्या भरती झालेल्या मंडळींना शिकवण्याचं. त्यामुळे समोर कोणी कपाळाला आठी घालून उभं राहिलं की मला राहवत नाही, मी समजावून सांगायला लागतो. विषय मला माहीत असला पाहिजे अशी अट नसते. मालकीणबाईंनी हा गुण हेरला आणि दर शनिवारी चार ते सहा लोकांना प्रदर्शन समजावून सांगायचं काम मला दिलं. गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं. ते मी एकदा चुकून म्हणून घरापर्यंत गळ्यात ठेवून आलो, आणि मग दर शनिवारी तशीच चूक करत राहिलो.

आता बायकोबद्दल. आम्ही दोघं नाशिकहून मैसूरला आलो त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. माझ्या नोकरीसाठी आलो. ती नाशिकला शाळेत शिकवायची, ती नोकरी सुटली, आणि दोन वर्षांनी इथल्या एका शाळेत दुसरी मिळाली. हे सगळं मी इथे दोन-तीन वाक्यांत सांगितलं, आणि आजवर ज्यांनी विचारलं त्यांनाही इतकंच सांगत आलो आहे.

ती गॅलरीत माझ्याबरोबर एकदाच आली होती. मी अकराही चित्रांच्या पाट्या वाचून काढल्या, तोवर ती एकाच चित्रासमोर उभी होती. घरी येताना मी विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, "त्यातली खुर्ची रिकामी होती." मग खुर्ची हे कशाचं प्रतीक असतं ते मी तिला घर येईपर्यंत सांगितलं. तिने "हो का," म्हटलं आणि कुकर लावला.

तिच्या शिंप्याचं दुकान शिवरामपेटेतल्या एका गल्लीत आहे. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी मैसूरला आलं ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात विठ्ठल, एकादशीला दुकान बंद, आणि बोलणं मराठी, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते शेवटपर्यंत कळत नाही. फक्त बायकांचे कपडे शिवतात. आम्ही आलो त्या पहिल्या वर्षापासून बायको त्यांच्याकडेच जाते. मी कधी आत गेलो नव्हतो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर बसून फोन बघणं हा माझा त्या दुकानाशी संबंध.

एका शनिवारी सकाळी तिला परीक्षेचे पेपर तपासायचे होते, म्हणून तिने एक साडी फॉल-पिकोला टाकायला मला पाठवलं. काका सत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे, गळ्यात टेप. माझ्या तोंडून मराठी ऐकल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं. "या सार, बसा. अक्कांचे यजमान ना तुमी? इतक्या वर्षांत आत आला नाही की कधी." मी काहीतरी सारवासारव केली आणि नजर चुकवायला म्हणून वर बघितलं.

वर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार बांधलेली होती आणि तिच्यावर चिमट्यांनी अडकवलेले खाकी कागद. प्रत्येक कागदावर गळ्याची, मुंढ्याची, बाहीची गोलाई. निळ्या पेन्सिलीने काढलेली, तिच्यावर कुठे लाल, कुठे खडूची पुसट. कडेने ठिपक्यांच्या आणि बारीक रेघांच्या ओळी. कोपऱ्यात एकेक इवलं चित्र, कुठे घंटा, कुठे दुधाची किटली, सायकल, मोगऱ्याची कळी. आणि टाचणीने लावलेल्या कापडाच्या चिंध्या. मी स्टुलावरून उठलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला जे दिसलं ते सुंदरच होतं. तेवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

"पेपर कटिंग हाय, सार. गिऱ्हाइकांचे," काका म्हणाले. त्यांच्या आजोबांना लिहिता येत नव्हतं, आणि त्या काळात घरंदाज बाईचं नाव दुकानात लिहायचीही पद्धत नव्हती. म्हणून प्रत्येकीला एक चित्र दिलेलं. बाई पहिल्यांदा दुकानात आली की आजोबांना जे सुचेल ते. तेच चित्र तिच्या चिठ्ठीवर, ते दाखवलं की ब्लाऊज मिळणार. काकांनी ती पद्धत तशीच चालू ठेवली होती.

"आणि हे ठिपके?"

"माप."

"वाचायचं कसं?"

काका हसले. "त्ये आमचं आमाला. बाईचं माप हाय, सार. मी तोंडानं बोलत नाही. टेप लावतो, गप ठिपके घालतो. दुकानात चार जणी बसलेल्या असतात की. एकीचं माप दुसरीला आजपर्यंत गोत्तिल्ला, कळलेलं नाही. आजोबा सांगून गेले, कापड चुकलं तर परत आणून देता येतं, माप बाहेर गेलं तर कुठनं आणणार."

मी विचारलं, आमच्या हिचा कागद कुठला. ते म्हणाले, "त्ये तर मुळीच नाही. नवऱ्याला तर बेडाच, नकोच." साडीला माप नसतं, त्यामुळे मला चिठ्ठीही मिळाली नाही. मी चोरून चार फोटो काढले आणि तडक गॅलरीत गेलो.

तिथे पुढच्या महिन्यात पाच समकालीन चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन लागणार होतं. विषय होता रेघ. एकाने शाईने भिंतभर रेघा ओढल्या होत्या, एकीने तांब्याच्या तारा वाकवल्या होत्या. मागची छोटी खोली रिकामी राहत होती. मी मालकीणबाईंना फोटो दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे कोणाचं काम? मी सांगितलं, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, कागद मीच कापलेत.

काका तयार होईनात. मी तीन वेळा गेलो. शेवटी ते म्हणाले, गिऱ्हाइकांना एकेकीला विचारतो, ज्या हो म्हणतील त्यांचेच देतो. तीन आठवडे त्यांनी विचारलं. चौदा जणी हो म्हणाल्या. चौदा कागद जुन्या साडीत गुंडाळून माझ्या हातात देताना ते म्हणाले, "चित्र म्हणून लावा, सार. माप म्हणून नको. गिऱ्हाइकांना मी शब्द दिलोय."

यातली पहिली दोन वाक्यं ऐकून मी थरारलो. कलेबद्दल इतकं नेमकं मी कुठे ऐकलं नव्हतं. तिसरं वाक्य कानावर पडलं, पण मी तोवर पहिल्या दोनांचं इंग्रजी भाषांतर करायला लागलो होतो. त्या मागच्या खोलीच्या दाराशी, भिंतीवर, मराठी, कानडी आणि इंग्रजीत मी ती दोन वाक्यं मोठ्या काळ्या अक्षरांत लावून घेतली. माणूस अट घालतो आणि मी तिचं सुभाषित करून भिंतीला चिकटवतो, हे माझ्या आजही अंगावर येतं.

प्रदर्शन सुरू झालं आणि मागची खोली सगळ्यात जास्त चालली. ज्यांचे कागद होते त्या बायका आल्या. हुणसूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका तीस वर्षं बसने मैसूरला येऊन ब्लाऊज शिवून घेतात. घंटा त्यांची. त्यांनी घंटेशेजारी ताठ उभं राहून फोटो काढून घेतला आणि तिथूनच बहिणीला फोन केला. वरुणा गावच्या एक बाई सुनेला घेऊन आल्या, किटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ही मी. कोणाला काही वाचता येत नव्हतं आणि त्यांची मजा त्यातच होती. सगळ्यांसमोर टांगलेल्या होत्या आणि तरी झाकलेल्या होत्या. काका स्वतः आले नाहीत. म्हणाले, "रोज बघतोय की मी त्यांना. तिथं येऊन सुम्ने, उगाच काय करू?"

पण लोक विचारायचे, हे ठिपके काय आहेत? पहिल्या शनिवारी मी "ते गुपित आहे," असं हसून म्हणालो. सहा वेळा म्हणालो. सातव्या वेळी माझ्याच्याने म्हणवेना. मला माहीत नाही असं लोकांना वाटतंय की काय, ही शंका मला झोपू देईना.

बुधवारी रजा टाकून मी दुपारी गॅलरीत गेलो. खिशात बायकोच्या शिवणाच्या डब्यातला टेप होता. कागद काचेत नव्हते, नुसते टाचलेले होते. एकेक गोलाई मोजायची, आणि कडेच्या ठिपक्यांशी ताडून बघायची. अर्ध्या तासात उलगडलं. उभी रेघ म्हणजे दहा, आडवी म्हणजे पाच, ठिपका म्हणजे एक. वरची ओळ छातीची, मधली कमरेची, खालची बाहीची. कुठल्याशा शिलालेखाचा अर्थ लावल्यासारखा मी त्या रिकाम्या खोलीत उभा होतो. तीन पिढ्या जपलेली गोष्ट मी अर्ध्या तासात फोडली होती आणि मला फक्त अभिमान वाटत होता.

घरी येऊन मी सुबक तक्ता तयार केला. 'ठिपके कसे वाचावेत', कानडीत आणि इंग्रजीत, उदाहरणासकट. तो काकांच्या वाक्यांच्या बरोबर खाली लावला. मालकीणबाईंनी विचारलं, "त्यांना चालेल ना?" मी म्हणालो, "त्यांना आनंदच होईल." मी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या शनिवारच्या भाषणाला रंग चढला. बाकीचे कागद मी दोन मिनिटांत उरकायचो. माझा हुकमी कागद होता चिंचेच्या पानाचा. इतरांच्या कागदांवर एक-दोन रेघा होत्या. या कागदावर पाच होत्या, एकीच्या आत एक, प्रत्येक वेळी थोडी आत सरकलेली. कोपऱ्यात वर्ष होतं, कानडी आकड्यांत, आणि पाचही मापं त्या एकाच वर्षातली. पाच चिंध्या टाचलेल्या. पहिलं माप चौतीस, शेवटचं तीस.

मी लोकांना म्हणायचो, "बघा, ही बाई वर्षात पाच वेळा आली. बहुधा डाएटवर असावी. आणि नवऱ्याचा पगार बरा असावा." लोक हसायचे. मग गंभीर व्हायचो, कारण हशानंतर गंभीर व्हायचं असतं हे मला कंपनीतल्या वर्गांमुळे माहीत होतं. "आता हा विटकरी तुकडा बघा. बाकीच्या चार रंगांत किती एकटा आहे." तिथे लोक गप्प व्हायचे. काही जण फोटो काढायचे.

तिसऱ्या शनिवारी हुणसूरच्या मुख्याध्यापिका पुन्हा आल्या, बरोबर दोन मैत्रिणी. मैत्रिणींनी तक्ता वाचला. एक घंटेच्या कागदाजवळ जाऊन बोटाने ठिपके मोजायला लागली, दुसरी तिच्या कानाशी लागली. मुख्याध्यापिका वळल्या आणि कॉफी न घेता बाहेर गेल्या. मला वाटलं, भारावून गेल्या. मी मालकीणबाईंना तसं सांगितलंसुद्धा.

चौथ्या शनिवारी सकाळी बायको चहा पिताना म्हणाली, "आज येते मी, तुझं बोलणं ऐकायला." मला इतका आनंद झाला की मी कुर्त्याला स्वतः इस्त्री केली.

दहा-बारा जण होते. ती मागे, दाराजवळ उभी राहिली. तिने भिंतीवरची वाक्यं वाचली, तक्ता वाचला, आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी त्या दिवशी फार छान बोललो. डाएट, पगार, हशा. विटकरी तुकडा, शांतता. मग काही प्रश्न आहेत का असं विचारलं, आणि तिने हात वर केला. माझ्या बायकोने, सगळ्यांसारखा, हात वर केला. मी आजूबाजूला बघून हसलो.

तिने इंग्रजीतच विचारलं, "ही बाई वर्षभर अशी बारीक होत होती, तर त्या वर्षी तिचा नवरा काय करत होता?"

मी म्हणालो, "त्याचं माप काही या कागदावर नाही." लोक पुन्हा हसले. हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढच्या शनिवारी तेही घ्यायचं, असं मी मनात ठरवून टाकलं.

ती हसली नाही. लोक पुढच्या खोलीकडे वळले तेव्हा ती जवळ आली, पर्समधून एक चिठ्ठी काढली आणि नेहमीच्या आवाजात मराठीत म्हणाली, "माझं ब्लाऊज झालंय. दुकान सहाला बंद होतं. येताना आणशील?" चिठ्ठी माझ्या हातात देऊन ती निघून गेली.

चिठ्ठीवर नाव नव्हतं, आकडा नव्हता. एक चिंचेचं पान होतं, बारीक बारीक दलांचं, निळ्या पेन्सिलीने काढलेलं.

मी भिंतीकडे बघितलं. मग कागदाच्या कोपऱ्यातलं वर्ष वाचलं, जे मी चार शनिवार मोठ्याने वाचत आलो होतो. आम्ही मैसूरला आलो ते वर्ष. मग तो विटकरी तुकडा. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला मी तिला नाशिकला घेऊन दिलेली साडी विटकरी होती. दुकानात तो रंग मीच निवडला होता. पुढच्या खोलीतून कोणीतरी हाक मारली, तारांचं काम समजावून सांगता का. मी म्हणालो, आलोच, आणि भिंतीवरचा तक्ता ओढून काढला. त्याच्याबरोबर थोडा पांढरा रंगही निघून आला. गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडलो.

दुकानात काका एकटेच होते. वरच्या तारेवर चौदा चिमटे रिकामे. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती बघितली, मग मला बघितलं, आणि मशीनवरचा पाय काढला.

"हुणसूरच्या मेडम आल्या होत्या," ते म्हणाले. "कागद परत द्या, म्हटल्या. मी म्हटलो, वाचता येत नाही मेडम कुणाला. तर म्हटल्या, तुमच्या सारनं सगळ्या गावाला शिकवलंय."

मी वरच्या रिकाम्या चिमट्यांकडे बघितलं.

"मी शब्द दिलो होतो, सार. तुमी भिंतीवर लावलाय म्हणं. मोठ्या अक्षरात."

"चुकलं, काका."

"चुकलं, खरं." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "आता ठिपके बदलायला पाहिजेत. आजोबांचे होते. हाताला त्याचीच सवय, विचार करायला लागत नव्हता. ह्या वयात नवीन काय बसवू मी." त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. मला इतकी लाज वाटली की मला स्टुलावर बसवेना आणि उभंही राहवेना.

मी म्हणालो, सगळे कागद उद्याच काढून आणतो. ते म्हणाले, "मला देऊ नका. ज्याचं त्याला द्या. घरी जाऊन द्या. हुणसूरला बसनं जावा." पुढच्या आठवड्यात मी तसं केलं. हुणसूरला मुख्याध्यापिकांनी मला दारात उभं ठेवून कागद तपासला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "आता मोठ्याने वाचा. आतमध्ये माझी बहीण आहे, तिला तेवढं कळायचं राहिलंय." मी मान खाली घालून उभा राहिलो. मग त्यांनी आत बोलावून पाणी दिलं. ते पाणी मी एका दमात प्यालो.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी काकांनी ब्लाऊज वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मी निघता निघता विचारलं, "काका, त्या वर्षी ती इतकी का..."

"त्ये अक्कांना इचारा," त्यांनी मला तिथेच थांबवलं. "मी माप घेतो, सार."

घरी ती डायनिंग टेबलावर वह्या तपासत होती. मी पुडकं तिच्याजवळ ठेवलं आणि समोर बसलो. वाटेत मी बोलायचं सगळं जुळवून आणलं होतं, मुद्द्यांसकट. त्यातलं काही आठवेना. मी विचारलं, "चिंचेचं पान का?"

"दुकानासमोर झाड होतं तेव्हा. रस्ता रुंद केला त्यात गेलं." तिने लाल पेनाला टोपण लावलं. "खाली कट्टा होता. मी भाजी घ्यायला म्हणून निघाले होते आणि आतून मराठी ऐकू आलं. काका आणि काकू कशावरून तरी भांडत होते. ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी काकांनी बाहेर येऊन विचारलं, ब्लाऊज शिवायचंय का. काहीतरी म्हणायला हवं होतं, हो म्हटलं. केसांत पानं पडली होती."

"आणि पाच ब्लाऊजं?"

"जायला कारण पाहिजे ना. ठेवणीतल्या साड्याच तेवढ्या होत्या. नाहीतर सहा झाली असती."

मी त्या वर्षाबद्दल काय आठवतं ते आठवून बघितलं. मला माझी नवी केबिन आठवली. सकाळी साडेसातची कंपनीची बस आठवली. आणि एक आठवलं ते नसतं आठवलं तर बरं झालं असतं. नाशिकहून माझे मित्र आले होते, तिला बघून म्हणाले, वहिनी किती बारीक झाल्या. आणि मी म्हणालो होतो, मैसूरची हवा मानवली हिला. तेव्हाही सगळे हसले होते.

"जेवण जायचं नाही," ती म्हणाली, मी न विचारता. "एकटीपुरतं वाढून घ्यायचं आणि खायचं, हे जमायचंच नाही. तू रात्री यायचास तो ऑफिसात जेवून. मी जेवले म्हणायचे. काकांना कळलं होतं. टेप लावायचे आणि काही बोलायचे नाहीत, फक्त काकूंना हाक मारायचे, की अक्कांना वाढ ग काहीतरी."

मला रडू येत होतं आणि ते तिने बघू नये असंही वाटत होतं, म्हणजे तिथेही माझं माझंच चाललं होतं. शेवटी मी म्हणालो, "मग काकांना तो कागद लावायला हो का म्हणालीस?"

ती वहीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तू ओळखशील. दर शनिवारी त्याच्यासमोर उभा राहणार होतास ना."

पहिला शनिवार, दुसरा, तिसरा. दर वेळी मी घरी आलो होतो, गळ्यात ओळखपत्र, आणि जेवताना किती लोक आले होते ते सांगितलं होतं. दर वेळी तिने विचारलं होतं, "आणि मागच्या खोलीत काय?" मी म्हणालो होतो, तुला नाही कळायचं, एकदा येऊन ऐक.

ती उठली, पुडकं घेऊन आत गेली. ब्लाऊज आणलं की ती लगेच घालून बघते, हे मला माहीत आहे असं मला वाटतं, पण आता मी कशाचीच खात्री देत नाही. थोड्या वेळाने आतून हाक आली, "मागचे हुक लाव जरा."

मी आत गेलो. हुक सहा होते. मी चष्मा लावला, एकेक करून सगळे लावले, आणि काहीही समजावून सांगितलं नाही.